एमसी स्टॅनचं नाव त्याच्या रॅपमुळे झालं की टीव्हीमुळे?

यमकवेडा

परवा एकाने लिहिलं, "एमसी स्टॅन हाच मराठी मातीतला पहिला खरा रॅप स्टार. बाकीचे सगळे हौशी, गॅदरिंगपुरते." खाली बदामांचा पाऊस. दोन दिवस गप्प बसलो, आज लिहितोच.

'मराठी मातीतला' म्हणजे काय? पोरगा पुण्याचा, ताडीवाला रोडचा, हे मान्य. पण गाणी हिंदीत. गळ्यातल्या साखळीवर अक्षरंसुद्धा 'हिंदी' हीच. त्याने स्वतः मराठीचा मक्ता कधी मागितलेला नाही, तो त्याच्या जागी बरोबर आहे. तुम्ही तो त्याला का देऊन टाकताय?

आणि 'स्टार' कधी झाला? 'तडीपार' हा अल्बम २०२० ला आला तेव्हा ऐकणारी पोरं ऐकत होती. एमिवे या रॅपरशी झालेल्या भांडणामुळे त्याआधीही नाव कानावर होतं. पण तुमच्या आत्याला, ऑफिसातल्या साहेबाला तो कळला तो १२ फेब्रुवारी २०२३ च्या रात्री, हिंदी बिग बॉसच्या सोळाव्या पर्वाच्या अंतिम फेरीत. १ ऑक्टोबरपासून साडेचार महिने तो त्या घरात होता. निम्मा वेळ कोपऱ्यात, निम्मा वेळ 'मला घरी जायचंय'. ऐंशी हजारांचे बूट पोराटोरांच्या तोंडी झाले, ओळ एकही झाली नाही. शेवटी ट्रॉफी, गाडी आणि ३१ लाख ८० हजार. यात रॅपचा वाटा किती, सांगेल का कुणी?

आता 'हौशी'. मी आणि माझे दोन मित्र नऊ वर्षं मराठीत लिहितोय. मराठी वाक्य क्रियापदावर संपतं. 'पाहतो, राहतो, वाहतो.' ओळ तिथे संपवली की यमक आपोआप जुळतं आणि म्हणूनच ते फुकटचं वाटतं. मग वाक्य फिरवायचं, क्रियापद मध्ये दाबायचं, नाम शेवटच्या ठोक्यावर आणायचं, आणि एवढं करून ते माणूस बोलतोय असं वाटलं पाहिजे. एकेका कडव्याला पंधरा-पंधरा दिवस जातात. गेल्या डिसेंबरात एका कॉलेजात आम्हाला वीस मिनिटं दिली होती. दुसरं गाणं अर्ध्यात असताना आयोजकांपैकी एक पोरगा वर आला, माइकवर हात ठेवला आणि म्हणाला, "दादा, बास आता, डीजेवाले आलेत. जाता जाता स्टॅनचं एखादं येतं का?" मित्राने माइक त्याच्या हातात दिला आणि खाली उतरला. त्यानंतर त्याने वही उघडलेली नाही. म्हणून तो 'हौशी' शब्द मला झोंबला.

स्टेशनपलीकडचा

दादा, तुझ्या मित्राचं वाईट वाटलं, मनापासून. पण माइक स्टॅनने ओढला नव्हता.

मी ताडीवाला रोडलाच वाढलो. २०१४ ला बारावी करून नोकरी शोधत होतो तेव्हा अर्जावर आम्ही सगळे पत्ता लिहायचो 'पुणे स्टेशनजवळ'. ताडीवाला रोड लिहिलं की समोरचा कागदावरून मान वर करून एकदा तोंडाकडे बघायचा. एका ठिकाणी साहेबाने थेट विचारलं, "घरात कुणावर केस वगैरे आहे का?" नाही म्हणालो. त्याने अर्ज टेबलाच्या पलीकडच्या गठ्ठ्यात सरकवला. फोन काही आला नाही. ताईच्या लग्नाच्या वेळी पाहुणे घरी येऊ नयेत म्हणून बघण्याचा कार्यक्रम मामाच्या घरी केला होता, हडपसरला.

आता माझा भाचा सोळा वर्षांचा आहे. टोपीवर ४११००१ असा पिनकोड रंगवून फिरतो. आमच्या गल्लीत पत्ता कुणी अंगावर मिरवेल असं मला मेलो तरी वाटलं नसतं. हे टीव्हीने केलेलं नाही. टीव्ही नंतर आला. लॉकडाऊनमध्ये एका मोबाइलला चार डोकी चिकटवून पोरं तो अल्बम ऐकत होती, मी बघितलंय.

राहिला घरात काही न करण्याचा मुद्दा. बाकीचे कॅमेरा बघून भांडत होते, कॅमेरा बघून रडत होते. हा गप्प बसून होता. पहिल्यांदा मोठ्या ऑफिसात मुलाखतीला गेलो तेव्हा मी खुर्चीच्या अगदी टोकावर बसलो होतो आणि एसीत पाठीला घाम आला होता. तोच माणूस मला टीव्हीवर दिसला. मी मत दिलं, आईच्या फोनवरूनही दिलं. वर 'रॅपचा वाटा किती' म्हणून विचारताय. त्याची गाणीच या परकेपणाची आहेत, हे ऐकलेल्याला वेगळं सांगावं लागत नाही.

अमरावतीकर

ट्रॉफीचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट बोलतो. ती ट्रॉफी शिव ठाकरेची होती. २०१९ ला मराठी बिग बॉसचं दुसरं पर्व जिंकून आलेला गडी. हिंदीच्या घरात गेला आणि 'मंडळी' नावाचा तो दोस्तांचा गट त्याने बांधला. स्टॅन 'घरी जातो' म्हणत होता तेव्हा त्याला समजावून बसवणारा कोण? शिवच ना? ज्याला थांबवलं तोच पुढे गेला.

अमरावतीत त्या रात्री आमच्या चौकात पडदा लावला होता. आईने आधीच पेढे आणून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्या पुड्याचा दोरा कुणी सोडला नाही. तुम्ही पुण्यामुंबईवाले 'रॅप' आणि 'कला' करत बसा. ज्याने मेहनत केली तो दुसरा आला, एवढंच मला कळतं.

यमकवेडा

अमरावतीकर, मी तेच म्हणतोय! मतं गाण्याला पडलीच नाहीत. स्टेशनपलीकडचा, तुझा पत्त्याचा अनुभव वाचून मी थांबलो, खोटं नाही बोलणार. पण ते तुझ्या वस्तीचं दुःख झालं. एखादा माणूस आपल्या वस्तीचा मान वाढवतो म्हणून तो चांगला रॅपर ठरत नाही. तो मोठा माणूस ठरेल हवं तर. मी लिखाणाबद्दल विचारतोय.

फेडर

लिखाण, लिखाण. गाणं म्हणजे फक्त लिखाण असतं का रे बाबा?

मी अकरा वर्षं रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग करतो. रॅपवर वाद सुरू झाला की एक जण हमखास म्हणतो, "आवाज तर मशीनचा." इथे अजून कुणी म्हटलं नाही, म्हणेलच, म्हणून आधीच लिहितो. ऑटोट्यून १९९७ ला बाजारात आलं ते गायकाचा सूर गुपचूप सुधारण्यासाठी. त्यात रिट्यून स्पीड नावाची एक खुंटी असते. ती सैल ठेवली तर कुणाला कळतही नाही. शून्यावर आणली की सूर एका पायरीवरून दुसरीवर घसरत जाण्याऐवजी उडी मारतो आणि आवाज धातूसारखा वाजतो. हे मुद्दाम करायचं असतं, आणि गाणाऱ्याला मुळात सूर कळत नसेल तर तिथे फजिती होते. सूर दोन पट्ट्यांच्या मध्ये पडला तर मशीन चुकीची पायरी पकडतं आणि ओळभर थरथरतं. माझ्याकडे आठवड्याला तीन पोरं येतात 'स्टॅनसारखा आवाज करून द्या' म्हणत. प्लगइन तेच, खुंटी तीच, तरी आवाज तसा होत नाही. कारण तो कुठल्या शब्दावर स्वर लांबवायचा आणि कुठे तोडायचा हे आधी ठरवून गातो. लहानपणी तो कव्वाली गायचा म्हणतात, ते ऐकू येतं. आणि 'तडीपार'चे बीट, म्हणजे शब्दांखालचं संगीत, त्याने स्वतः बनवलेत. लिहिलं स्वतः, गायलं स्वतः, बीट स्वतःचे. वीस-एकवीस वर्षांच्या पोराने! मागे कुठली मोठी कंपनी नाही. यमकवेडा, तुमच्या तिघांत बीट कोण बनवतं?

यमकवेडा

विकत घेतो. आणि त्याने काय फरक पडतो?

फेडर

खूप फरक पडतो. दुसऱ्याच्या तयार बीटवर मराठी शब्द कोंबले की ते कोंबलेले ऐकू येतात. तुमच्यासारख्या बऱ्याच पोरांचं काम माझ्या टेबलावरून जातं. लिखाण जीव तोडून केलेलं असतं आणि बीट इंटरनेटवरून उचललेला. ठोका एकीकडे, शब्दाचं वजन दुसरीकडे. ऐकणाऱ्याला नेमकं काय खटकतं ते सांगता येत नाही, पण तो पुढच्या गाण्यावर जातो.

आठवी_ब

मी शिक्षिका आहे, आठवीच्या वर्गावर. एवढी सगळी चर्चा वाचली आणि ज्याच्याबद्दल बोलायला हवं ते एकानेही काढलं नाही. त्या गाण्यांत बाईला काय म्हटलंय?

दोन महिन्यांपूर्वी माझ्या वर्गातल्या एका मुलीने बाक बदलून मागितला. कारण सांगेना. मधल्या सुट्टीत थांबवून विचारलं तेव्हा तिने वहीच्या मागच्या पानावर लिहून दाखवलं. मागच्या बाकावरचा मुलगा रोज एक ओळ तिच्या कानाशी म्हणायचा. मुलाला बोलावलं तर तो खरोखर गोंधळला. म्हणाला, "बाई, शिवी नाही दिली, गाणं म्हटलं." त्याच्या लेखी दोन्हींत फरक होता. तिच्या लेखी नव्हता.

मी बंदीवाली नाही. २०२३ च्या मार्चमध्ये इंदूरला लोकांनी मंचावर चढून त्याचा कार्यक्रम बंद पाडला, ती गुंडगिरी होती. पण बीट कुणी बनवला आणि सूर कुठल्या पायरीवर उडी मारतो याचं कौतुक करताना त्या सुरावर बसवलेला शब्द कोणता आहे तेही उच्चारा की एकदा. घरात आईसमोर, मुलीसमोर उच्चारा.

स्टेशनपलीकडचा

बाई, त्या मुलीबद्दल तुम्ही केलंत ते बरोबर केलंत. पण शिव्या स्टॅनने वस्तीत आणल्या नाहीत. आमच्याकडे नळावर सकाळी सहाला जी भाषा असते तीच त्याच्या गाण्यात आहे. आणि हे साहित्यवाल्यांना चालतं की! नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' हा कवितासंग्रह १९७२ ला आला. प्रस्तावना लिहिताना विजय तेंडुलकरांना कितीतरी शब्दांचे अर्थ विचारून घ्यावे लागले होते. आज तो विद्यापीठात शिकवतात. पुस्तकात छापलं की कविता आणि आमच्या पोराने माइकवर म्हटलं की घाण, असं का?

आठवी_ब

ढसाळांना यात ओढू नका. मला राग येतोय म्हणून जरा जोरात लिहिते.

ढसाळांच्या कवितेत कामाठीपुऱ्यातली बाई आहे तिथे कवी तिच्या बाजूला उभा आहे. शिवी जाते ती तिला तिथे आणून बसवणाऱ्या समाजाच्या तोंडावर. ज्याच्या हातात सत्ता आहे त्याला दिलेली शिवी वेगळी, आणि आपल्याला सोडून गेलेल्या पोरीला दिलेली शिवी वेगळी. शब्द तोच असेल, निशाणा तोच नाही. शब्दकोश सारखा दिसला म्हणून दोघांना एका रांगेत बसवणं हा ढसाळांचा अपमान आहे. नळावरच्या भाषेचं म्हणाल, तर नळावर त्या शिव्या ऐकून घेणाऱ्या बायकांना कुणी विचारलंय का कधी?

स्टेशनपलीकडचा

माझी आई त्याच नळावर उभी राहायची बाई. तुम्ही मला नळ शिकवू नका.

आठवी_ब

मग तिलाच विचारा. मी खरंच म्हणतेय.

मायमराठी

तुमचा बाई-बुवा वाद चालू द्या. मूळ मुद्दा पहिल्या पोस्टमध्ये होता आणि सगळे त्याला वळसा घालून गेले. गळ्यात 'हिंदी'! महाराष्ट्रात जन्माला यायचं, इथलं पाणी प्यायचं आणि छातीवर हिंदी मिरवायची. १६ एप्रिल २०२५ ला पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला तेव्हा किती बोंबाबोंब करावी लागली, २९ जूनला कुठे तो मागे घेतला. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला म्हणून पेढे वाटले आणि वर्षभरात पोरांच्या कानात चोवीस तास हिंदीच. सरकारला रोखता येतं. या गाण्यांना कोण रोखणार? पुण्याच्या पोराने पुण्यात हिंदीत रॅप केला तर मराठी फक्त सत्यनारायणाला उरेल.

दख्खनी_मिरची

मायमराठी, मी पुण्याच्या कॅम्पात वाढले. घरी आम्ही जे बोलतो त्याला तुम्ही हिंदी म्हणता, उत्तरेतली माणसं त्याला हिंदी मानायला तयार नाहीत. माझे सासरचे लखनौचे. लग्नानंतर पहिल्याच जेवणात मी म्हटलं, "मेरे को नक्को," तर नणंदेने घास खाली ठेवला आणि हसत सुटली. हा 'नक्को' कुणाचा? तुमचा 'नको' आहे तो. 'मैंच', 'इधरीच', 'ऐसाच' यातला 'च' कुणाचा? मराठीचा. लखनौला 'मैं ही' म्हणतात. ही दख्खनी आहे आणि ती शेकडो वर्षं मराठीच्या मांडीला मांडी लावून वाढली आहे.

स्टॅन त्या बोलीत गातो. त्याचा 'शेमडी' शब्द टीव्हीवरून दिल्लीपर्यंत गेला. 'शेंबडी'च आहे ना तो? अल्बमचं नाव बघा, 'तडीपार'. तड म्हणजे काठ, 'तडीस नेणे'मधली तड. पोलीस अधिनियमात जिल्ह्याबाहेर काढायची कलमं आहेत, ५५ पासून ५७ पर्यंत, त्याला साध्या माणसाने दिलेलं हे मराठी नाव. तो शब्द आज देशभरातल्या पोरांना माहीत आहे. किती मराठी शब्द गेल्या दहा वर्षांत असे सीमेपलीकडे गेले?

मायमराठी

एक 'च' आणि एक 'शेंबडी' दिली म्हणजे मराठीची सेवा झाली का? उद्या 'वडापाव' म्हटलं तरी सेवा म्हणाल.

दख्खनी_मिरची

सेवा केली असं मी कुठे म्हटलं? ती त्याची घरची भाषा आहे एवढंच म्हणतेय. माझी आजी पुण्यात जन्मली, पुण्यातच गेली. हयातभर ती हीच बोली बोलली आणि बाजारात मराठी बोलली. तिला कुणी 'परकी भाषा' म्हटलं असतं तर तिला अर्थच कळला नसता. तुम्ही शासन निर्णयाशी भांडा, मी तुमच्यासोबत आहे. माझ्या मुलालाही पहिलीत तिसरी भाषा नको होती. पण सरकारी हिंदी आणि आजीची बोली एकाच काठीने हाणू नका.

मायमराठी

तुमच्या आजीबद्दल मी काही बोललो नाही. उगाच ते अंगावर आणू नका. माझा आक्षेप गळ्यातल्या अक्षरांना आहे. तिथे 'दख्खनी' लिहिलं असतं तर मी गप्प बसलो असतो.

दख्खनी_मिरची

बसला असतात का? मला नाही वाटत.

यमकवेडा

भाषेचा मुद्दा मी काढला, तो इतका वाढेल असं वाटलं नव्हतं. मिरची, 'च' पटला. लिहिताना मीसुद्धा तो ओळीच्या शेवटी वापरतो, ठोका पक्का बसतो. पण एक सांगा. मराठीत लिहिणारे नाहीत असं थोडंच आहे? मुंबईच्या 'स्वदेसी' या रॅप गटात एमसी मवाली मराठीत ठोकतो. आरेच्या वारली पाड्यांवर त्यांनी गाणं केलं त्यात पाड्यावरचे प्रकाश भोईर स्वतः गायले. संभाजीनगरच्या राज मुंगासेवर २०२३ च्या एप्रिलमध्ये खोक्यांवरच्या रॅपबद्दल अंबरनाथला गुन्हा दाखल झाला, तेव्हा कुठे वर्तमानपत्रांना कळलं की मराठीत रॅप होतो. म्हणजे मराठी रॅपरला बातमीत यायला पोलीस स्टेशन लागतं आणि दुसऱ्याला टीव्हीचं घर मिळतं. माझी तक्रार एवढीच आहे.

शाहिरी_बाज

पोरांनो, पोवाड्याच्या फडात मी सव्वीस वर्षं झील धरली, म्हणजे शाहिरामागून साथ गायली. अजून कुणी बोललं नाही पण आता कुणीतरी लिहील की 'पोवाडा म्हणजे आपला जुना रॅप'. कृपा करा, लिहू नका. प्रत्येक सभेत, प्रत्येक सत्कारात हे ऐकून कान विटले. रॅपवाला एकटा असतो आणि 'मी' म्हणतो. शाहीर 'मी' म्हणत नाही. तो दुसऱ्याची गोष्ट सांगतो, डफावर थाप देऊन थांबतो, आणि मागून आम्ही 'जी जी रं जी' उचलतो. तेवढ्यात त्याचा श्वास भरून होतो. ही श्वासाची वाटणी आहे. झीलकऱ्याचं लक्ष उडालं तर शाहीर मरतो. एकदा जत्रेत माझी झील अर्धी मात्रा उशिरा पडली, तर आमच्या शाहिरांनी पुढचं कडवं एका श्वासात ओढलं, आणि उतरल्यावर तासभर बोलले नाहीत.

आता त्याच जत्रेत भिंतीएवढे स्पीकर लागतात. गेल्या साली आम्हाला आरतीआधीची पंधरा मिनिटं दिली, तीही माइक तपासायला म्हणून. यमकवेडा, तुझ्या मित्राने वही बंद केली म्हणतोस. आमच्या फडात पाच जण होते, आता दोन उरलो. आम्हाला स्टॅनने संपवलं नाही. तो जन्मला नव्हता तेव्हापासून हे चालू आहे. तुझा राग चुकीच्या माणसावर आहे एवढं म्हातारा म्हणून सांगतो.

यमकवेडा

काका, तुमच्यापुढे काय बोलू. पण चुकीच्या माणसावर म्हणाल तर बरोबरचा माणूस कोण ते तरी सांगा. तो आयोजक पोरगा? तो एकोणीस वर्षांचा आहे, त्याला जे ऐकवलं ते तो मागतो.

अमरावतीकर

कुणीही काहीही म्हणा, शिव पहिला यायला हवा होता.

फेडर

२०१९ ला तो रॅपचा सिनेमा आला, 'गली बॉय', चौदा फेब्रुवारीला. त्यानंतर सहा महिने माझ्याकडे रात्री दोनपर्यंत पोरं असायची. दार सगळ्यांसाठी उघडं होतं तेव्हा. मराठीतली किती आली? मोजून चार. त्यातले तीन 'आमच्याकडे बीट नाही' म्हणून परत गेले. हे बोचेल, तरी सांगतोय, कारण मला मराठीत चांगलं काम हवंय. पुण्याच्या त्या पोराने खोलीत बसून बीट शिकला. तुम्ही नऊ वर्षं यमक शिकलात. दोन्ही लागतं.

यमकवेडा

बोचलं.

काल रात्री हेडफोन लावून 'तडीपार' पुन्हा पहिल्यापासून ऐकला, बऱ्याच दिवसांनी. बाईंचं म्हणणं डोक्यात होतं म्हणून शब्दांकडे लक्ष देऊन ऐकला. त्यांचं बरोबर आहे. काही ठिकाणी मी गाणं पुढे ढकललं, माझी बहीण शेजारच्या खोलीत होती आणि कानात असूनही लाज वाटली. पण तो श्वास कुठे घेतो ते मी पहिल्यांदा ऐकलं. ओळीच्या मध्ये घेतो, शब्द तोडून, आणि तो श्वास बीटमध्ये ठेवलाय, पुसलेला नाही. क्रियापदं त्यानेही शेवटी ठेवली आहेत, 'है, है, है'. ज्याला मी फुकटचं यमक म्हणतो तेच. त्यावर तो स्वर असा ओढतो की ते यमक राहतच नाही. हे मला जमत नाही. एवढं मान्य. टीव्हीची ट्रॉफी मान्य नाही. 'बाकीचे हौशी' तर मरेपर्यंत मान्य नाही.

स्टेशनपलीकडचा

चल, निम्मं तरी आलास.

बाई, तुम्ही म्हणालात म्हणून आईला विचारलं. गाणं लावलं नाही, धीर झाला नाही. नुसतं विचारलं की नळावरच्या त्या शिव्यांचं तुला काय वाटायचं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "काय वाटणार? हंडा भरेपर्यंत ऐकायचं." मग बऱ्याच वेळाने म्हणाली, "तुझ्या ताईला मी म्हणून नळावर पाठवत नव्हते. तूच जायचास, आठवतंय का?" मला वाटायचं हंडा जड म्हणून मला पाठवते.

स्टॅनबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. पण तुमच्याशी आवाज चढवला तो मागे घेतो.

आठवी_ब

त्यांना माझा नमस्कार सांगा.

त्या मुलाचंही सांगायचं राहिलं. त्याला मी शिक्षा केली नाही, स्वतःचं चार ओळींचं काही लिहून आण म्हटलं, कुणाचीही आई-बहीण न काढता. तीन आठवडे टाळाटाळ केली. सोमवारी आणलं. त्याच्या वडिलांच्या रिक्षाबद्दल आहे. यमक सगळी 'आहे'वर.

यमकवेडा

बाई, त्याला सांगा 'आहे' मध्ये घाल आणि 'रिक्षा' शेवटी आण. 'शिक्षा' आहे, 'परीक्षा' आहे, 'प्रतीक्षा' आहे. पाहिजे तर माझ्याकडे पाठवा.

मायमराठी

मराठीत लिहिलंय ना त्याने?

आठवी_ब

मराठीत लिहिलंय. एका ओळीत 'अभीच' आहे. तो मी खोडलेला नाही.